मिटलेली कार्नेशन्स

१

प्रदर्शनाचं दार उघडायला थोडाच वेळ राहिला होता आणि अध्यक्षबाईंच्या रचनेतली सगळी कार्नेशन्स मेली होती.

‘मेली’ हा शब्द त्यांचा. मला तो नेमका वाटला नाही. फुलं वाळली नव्हती, सडलीही नव्हती. पाकळ्या आत वळून प्रत्येक फूल मुठीसारखं मिटलं होतं, त्यांच्यापुरतं जणू उजाडलंच नव्हतं. त्याच रचनेतले गुलाब टवटवीत होते, जर्बेरा ताठ उभे होते. स्नॅपड्रॅगनच्या उंच काड्या मात्र अर्ध्याअधिक रिकाम्या होत्या आणि त्यांची फुलं टेबलावर सांडली होती.

पुष्परचना मंडळाचं हे वार्षिक प्रदर्शन. सभागृहाच्या मधोमध, सगळ्यात मोठ्या टेबलावर, मुख्य रचना असते. यंदा तिचा मान पहिल्यांदाच अध्यक्षबाईंना मिळाला होता. आधी अनेक वर्षं तो माझ्या वहिनीकडे होता, आणि अध्यक्षपदही. गेल्या निवडणुकीत दोन्ही गेलं.

अध्यक्षबाई आवाज चढवणाऱ्यांतल्या नाहीत. त्या टेबलाला टेकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “काल संध्याकाळी मी स्वतः झाकून गेले. सभागृहाची किल्ली फक्त एकीजवळ असते.”

सगळ्यांनी वहिनीकडे पाहिलं. वहिनीच्या हातात पाण्याचा फवारा होता. तिने तो खाली ठेवला.

“किल्ली माझ्याकडेच होती,” ती म्हणाली. “फुलांना मी हात लावलेला नाही.”

“मग दुसऱ्या कुणासाठी दार उघडलंत का?”

वहिनीला खोटं बोलता येत नाही, हे आमच्या घरातलं जुनं दुखणं आहे. तिने खाली ठेवलेला फवारा पुन्हा उचलला.

२

मी तिथे असण्याचं खरं तर कारण नव्हतं. मी बियाणं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. बरीच रजा साठली होती, ती घेऊन महिनाभर फक्त वाचायचं ठरवलं आणि पुस्तकांची पेटी घेऊन दादाकडे आले, कारण त्याच्या घरात एक खोली रिकामी असते आणि कुणी दार वाजवत नाही. दादाने पेटी उचलताना विचारलं होतं, परीक्षा आहे की काय. हिमनद्यांवरचं एक पुस्तक झालं, एका वेधशाळेची हकिकत झाली, जुन्या बाजारात मिळालेलं झाडांच्या आजारांवरचं एक जाडजूड पुस्तक अर्ध्यावर आलं. तेवढ्यात वहिनीने ते हातातून काढून घेतलं. “वन्सं, कागदावरची फुलं पुरे झाली. उद्या खरी बघायला चला.”

म्हणून मी गेले होते.

त्या दिवशी प्रदर्शन ठरल्याप्रमाणे उघडलं. मुख्य रचनेपुढे पडदा ओढला गेला आणि पाहुण्यांना काहीतरी कारण सांगण्यात आलं. मंडळात मात्र दुपारपर्यंत निकाल लागल्यातच जमा होता. पाण्यात काहीतरी टाकलंय, आणि ते कुणी टाकलंय हे शेंबडं पोरही सांगेल. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बैठक ठरली. वहिनीने खुलासा दिला नाही तर तिचं सदस्यत्व काढून घ्यायचं.

दादाला यात एवढं काय आहे ते कळेना. एक मंडळ गेलं तर दुसरं मिळेल, असं तो म्हणाला. पण मला वहिनी माहीत आहे. मुलं परगावी गेल्यावर ज्या घरात ती एकटी बोलायला लागली होती, त्या घरातून तिला या बायकांनी आणि त्यांच्या बादल्यांनी बाहेर काढलं होतं. ते दार बंद झालं तर ती पुन्हा आत जाईल, आणि या वेळी ‘फुलं मारणारी’ म्हणून जाईल.

मी तिला थेट विचारलं, काल कुणासाठी दार उघडलंस. तिने माझ्याकडे न बघता सांगितलं की शब्द दिलाय.

“कुणाला?”

“ते सांगितलं तर शब्द कसला?”

मग मला एकच रस्ता उरला. माणूस बोलत नसेल तर फुलांना विचारायचं.

३

फुलं स्पष्ट बोलत होती, फक्त ती काय म्हणतायत ते मला कळत नव्हतं.

सगळ्या काड्या एकाच पसरट भांड्यात, एकाच ओल्या फोममध्ये खोचलेल्या. पाण्यात विष असेल तर गुलाब कसे वाचले? कार्नेशन मुळातच शिळी असतील म्हणावं, तर वहिनीच्या स्वतःच्या रचनेतली कार्नेशन्स त्याच विक्रेत्याकडची, त्याच गठ्ठ्यातली होती. ती सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला छान उमललेली होती. ही गोष्ट अर्थातच वहिनीच्या विरोधात धरली गेली.

मी अध्यक्षबाईंकडे गेले. त्यांनी माझ्यासाठी खुर्ची ओढली. वहिनीचा राग त्यांनी माझ्यावर काढला नाही. मोठ्या रचना रात्री कशा झाकतात ते त्यांनी सांगितलं. बांबूच्या चौकटीवर पातळ प्लास्टिक जमिनीपर्यंत सोडायचं, म्हणजे हवा दमट राहते. मंडळात त्याला मच्छरदाणी म्हणतात. कडा ओल्या टॉवेलांनी दाबायच्या. आणि दुसऱ्याची मच्छरदाणी कुणी उचलायची नाही, हा नियम कुठे लिहिलेला नसला तरी मोडत कुणी नाही. सगळेच आपली रचना शेवटपर्यंत लपवतात. नवरा-बायको दोघंही सदस्य असतील तर घरात बादल्यांवर चादर टाकतात, असंही त्या म्हणाल्या, आणि क्षणभर हसल्या.

मग त्यांचा चेहरा उतरला. “माझी मात्र कुणीतरी उचलली. मी टॉवेल नेहमी घडी घालून ठेवते. सकाळी एका बाजूचा टॉवेल पिळा घातल्यासारखा होता.”

आणखी काही वेगळं जाणवलं का, असं मी विचारलं. त्यांनी विचार करून सांगितलं की प्लास्टिक उचललं तेव्हा आतून गोडसर वास आला. कुणीतरी अत्तर लावून तिथे वाकलं असावं.

मी उठले तेव्हा त्यांनी अगदी हळू विचारलं, “इतकं काय केलं हो मी त्यांचं?”

त्यांना फुलांचं दुःख होतंच. पण हा प्रश्न फुलांबद्दल नव्हता.

चित्रकलेच्या बाईंशी बोलणं सोपं होतं. त्यांना थांबवणं अवघड. शाळेत त्या चित्रकला शिकवतात, मुख्य रचनेच्या मानासाठी त्याही रांगेत होत्या, आणि आपल्यावर संशय कसा येत नाही याचं त्यांना थोडं वाईटच वाटत होतं. आपण सकाळी आलो तेव्हा काय काय पाहिलं ते त्यांनी विनाकारण खुलवून सांगितलं. वहिनी आतल्या खोलीत चहा करत होती. फळं-फुलं विभागात, जिथे रचना सकाळी सभागृहातच करावी लागते, दातवाले आपली संपवून बसलेसुद्धा होते. “म्हातारा माणूस, पण हात बघा. आमची अजून कात्री सापडत नव्हती.”

दातवाले म्हणजे निवृत्त दंतवैद्य. समोर सगळे त्यांना डॉक्टर म्हणतात. मंडळातले ते एकुलते एक पुरुष नव्हेत, पण इस्त्रीचा कोट घालून फुलं लावणारे एकमेव. मी त्यांना चहाच्या टेबलापाशी गाठलं. त्यांची रचना देखणी होती: पिवळ्या नासपती, लाल सफरचंदं, ठिपके पडलेली केळी, आणि त्यांतून वर गेलेली पांढरी लिली. मी तारीफ केली. त्यांनी मान लववली. हात कोटाच्या खिशातच राहिले. वहिनीवर आळ घेणं हा मूर्खपणा आहे, आणि बैठकीत आपल्यालाही थोडं बोलायचं आहे, एवढंच ते म्हणाले.

तेवढ्यात वहिनी कप घेऊन आली. मला काठोकाठ भरलेला. त्यांना अर्धा.

वहिनी कुणालाही अर्धा कप देत नाही. ती चहा ओतते तेव्हा बशीलाही वाटा मिळतो.

४

घरी येऊन मी अर्ध्यावर राहिलेलं जाड पुस्तक उघडलं. काही शोधायला नव्हे. डोकं शांत करायला. पण वाचनाचं असं असतं की डोक्यात प्रश्न असला की पुस्तक वेगळं दिसू लागतं.

त्या प्रकरणात जुन्या शहरांची गोष्ट होती. रस्त्यावरचे दिवे गॅसवर जळत. जमिनीखालच्या नळीला गळती लागली की त्या भागातल्या झाडांची पानं ऋतू नसताना गळून पडत. पुष्कळ काळाने कळलं की गॅसमधला दोषी घटक म्हणजे इथिलीन, अगदी साधा, डोळ्यांना न दिसणारा वायू. त्याचा लेशही काही झाडांना पुरतो. काही झाडांना मात्र काहीच होत नाही. पुढच्या पानावर नाजूक फुलांची नावं होती. कार्नेशन, आणि लगेच पुढे स्नॅपड्रॅगन.

मी पुस्तक उलटं ठेवलं आणि खोलीत फेऱ्या मारल्या. पाण्यातून काही आलं नव्हतंच. ते हवेतून आलं होतं, म्हणूनच एका टेबलावर मारलं आणि दुसऱ्या टोकाला सोडलं. पण सभागृहात गॅसची नळी नव्हती. चहासुद्धा विजेच्या शेगडीवर होत होता.

तेव्हा मला तो गोडसर वास आठवला. हा वायू तयार करायला कारखाना लागत नाही. पिकणारं फळ तो स्वतःच सोडतं. कच्ची फळं पिकलेल्या केळ्याशेजारी लवकर पिकतात ती त्याच्यामुळेच.

अंदाज म्हणजे पुरावा नव्हे. वहिनीकडे त्या गठ्ठ्यातली काही फुलं बादलीत उरली होती, आणि अध्यक्षबाईंच्या भांड्यातलं पाणी मी बाटलीत भरून आणलंच होतं. काचेच्या बरण्या दादाच्या. त्यांतले स्क्रू त्याने कुरकुरत रिकामे केले. एकीत ते संशयित पाणी आणि एक फूल, तोंड उघडं. दुसरीत साधं पाणी आणि फूल, झाकण घट्ट. तिसरीत साधं पाणी, फूल, शेजारी पिकलेलं केळं आणि सफरचंदाची फोड, झाकण घट्ट. मग मी झोपायला गेले.

सकाळी पहिल्या दोन बरण्यांतली फुलं टवटवीत होती, पाहुण्यांकडे बघावं तशी बघत होती. तिसरीतलं मिटलं होतं, मुठीसारखं.

दादा मागे येऊन उभा राहिला. म्हणाला, “सुटली ना ती?”

मी हो म्हणणार होते, पण म्हणाले नाही. कारण आता पुढचा प्रश्न आपोआप येत होता. मच्छरदाणीत रात्रभर फळं ठेवली कुणी? फळांची रचना सगळ्यांच्या आधी संपवून बसलेला माणूस कोण, आणि त्याला अर्धाच कप का?

वहिनी स्वयंपाकघरात काहीच न करता उभी होती. मी दार लोटून घेतलं.

“वहिनी, डॉक्टरांचे हात कधीपासून थरथरतात?”

५

ती खुर्चीवर बसली. नाही म्हणण्याचा प्रयत्न तिने केला, पण तो प्रयत्नच राहिला.

गेल्या वर्षीपासून, तिने सांगितलं. आधी उजवा, मग दोन्ही. पूर्ण कप त्यांना धरवत नाही. एक नासपती जागेवर बसवायला त्यांना इतका वेळ लागतो की तेवढ्यात इतरांची अख्खी रचना होते. चारचौघांत, सकाळच्या त्या गर्दीत, त्यांना ते करायचं नव्हतं. ज्या हातांनी माणसांच्या तोंडात सुई धरली, त्या हातांची कीव कुणी करू नये, एवढंच त्यांचं म्हणणं. म्हणून आदल्या संध्याकाळी सगळे गेल्यावर वहिनीने त्यांना आत सोडलं आणि स्वतः दाराशी स्वेटर विणत बसली. रचना झाल्यावर ते म्हणाले, झाकून ठेवतो कुठेतरी. कुठे, ते तिने विचारलं नाही. सकाळी पुन्हा त्यांना सगळ्यांच्या आधी आत घेतलं आणि ती चहाला गेली.

“मला वाटलं, मागच्या खोलीत ठेवली असेल.”

“मागच्या खोलीत सगळ्यांच्या बादल्या असतात. तिथे कुणीतरी पाहिली असती. ज्याच्यात कुणी डोकावत नाही अशी सभागृहात एकच जागा होती. अध्यक्षबाईंचं टेबल. कापड जमिनीपर्यंत, वरून मच्छरदाणी.”

मी बरण्या दाखवल्या. तिला समजायला वेळ लागला नाही. तिची इतकी वर्षं फुलांत गेली आहेत. तिने तोंडावर हात ठेवला.

“त्यांना माहीत आहे का?”

“नसावं. माहीत असतं तर त्यांनी तुला एक दिवससुद्धा अडकू दिलं नसतं. फार तर दार उघडल्याचं ते आज सांगतील.”

“तेही नको म्हणून मी कालपासून त्यांच्या हातापाया पडतेय,” वहिनी म्हणाली. मग तिने बरण्यांची झाकणं काढून फुलं बाहेर घेतली. “वन्सं, हे राहू द्या. मी मंडळ सोडते. अध्यक्षबाईंची फुलं आपल्या फळांमुळे गेली हे त्या माणसाला कळलं तर तो पुन्हा फुलाला हात लावणार नाही.”

“आणि अध्यक्षबाई? त्यांना जन्मभर वाटत राहणार की तू त्यांचा इतका द्वेष करतेस.”

 तिसऱ्या बरणीतलं मिटलेलं फूल वहिनीने फेकायला घेतलं होतं, ते तिने परत बरणीत ठेवलं.

६

बैठक सभागृहातच, पडद्याच्या अलीकडे भरली. प्रदर्शन संपलं होतं आणि पाहुणे गेले होते. मी सदस्य नसल्यामुळे मला बोलू द्यावं की नाही यावर थोडी चर्चा झाली. अध्यक्षबाईंनी ती थांबवली.

मी बरण्या टेबलावर मांडल्या. पाणी निर्दोष आहे हे पहिलं फूल सांगत होतं, बंद हवा निर्दोष आहे हे दुसरं. तिसऱ्याशेजारी केळं होतं. मी वायूबद्दल सांगितलं, गुलाब का वाचले ते सांगितलं, टॉवेलाचा पीळ आणि गोडसर वास यांचा मेळ घातला. चित्रकलेच्या बाईंनी बरणी उचलून वास घेतला आणि शेजारणीकडे दिली. ती हातोहात फिरू लागली.

“तेव्हा, विष कुणी घातलेलं नाही,” मी म्हणाले. “कुणीतरी आपली फळं लपवली, जशी या मंडळात सगळेच आपापली वस्तू लपवतात. त्यांच्यामुळे काय होईल हे त्या माणसाला कळणं शक्य नव्हतं. मला नाव सांगायचं नाही, आणि वहिनीही सांगणार नाही.”

मी मुद्दाम कुणाकडेच पाहिलं नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

दातवाले उभे होते. कोटाच्या वरच्या खिशात घडी घातलेला कागद दिसत होता. भाषण बहुधा लिहून आणलेलं होतं. त्यांनी तो काढला नाही. त्यांनी दोन्ही हात खिशांतून बाहेर काढले आणि समोर धरले. पानं हलावीत तसे ते हलत होते.

“माझी फळं,” ते म्हणाले. “तुमच्या टेबलाखाली. मला वाटलं, तिथे ती सुरक्षित राहतील. यांनी मला दार उघडलं ते या हातांमुळे. मी आज तेवढंच सांगायला आलो होतो. फुलं माझ्यामुळे गेली, हे मला आत्ता कळतंय.” ते थांबले. “माझं नाव काढून टाका. यांचं नको.”

 वहिनी जमिनीकडे पाहत होती. अध्यक्षबाई उठल्या, टेबलाला वळसा घालून त्यांच्यापाशी गेल्या. माझ्या मनात आलं, आता काही खरं नाही.

“म्हणजे,” त्या म्हणाल्या, “माझ्यावर कुणाचाच राग नव्हता?”

“तुमच्यावर? बाई, राग कशाला असेल?”

अध्यक्षबाईंनी डोळ्याला पदर लावला, आणि मग त्या हसायला लागल्या. ते हसू रडण्याच्या इतकं जवळचं होतं की चित्रकलेच्या बाई पाणी घेऊन धावल्या. “दोन दिवस मी एकेकाचं तोंड आठवतेय,” त्या म्हणाल्या. “कुणाला काय बोलले, कुणाची फुलं कधी मागे ठेवली. भाजीवालीशीसुद्धा गोड बोलून आले. आणि निघालं काय, तर केळी.”

दातवाल्यांना काय करावं कळेना. हात पुन्हा खिशाकडे जाऊ लागले तसे अध्यक्षबाईंनी ते धरले. म्हणाल्या, याच हातांनी माझी अक्कलदाढ काढलीत तेव्हा मी तुम्हाला चावले होते, तेव्हा तुम्ही नाही काढून टाकलंत माझं नाव. पुढच्या वर्षीपासून सभागृह आदल्या संध्याकाळी सगळ्यांना उघडं राहील, ज्याला जितका वेळ लागेल तितका. कुणाची हरकत? हरकत कुणाची नव्हती. फक्त फळं कुठे ठेवायची यावर लगेच वाद सुरू झाला, आणि तो इतका रंगला की बैठक संपल्याचं जाहीर करायचं राहूनच गेलं.

त्या गोंधळात अध्यक्षबाई वहिनीपुढे येऊन उभ्या राहिल्या. काही बोलायला म्हणून त्यांनी तोंड उघडलं. वहिनीने त्यांना बोलू दिलं नाही; त्यांच्या खांद्यावर चिकटलेली स्नॅपड्रॅगनची पाकळी तिने काढली आणि म्हणाली, “तो पडदा सारा बाई. निदान आवरू तरी.”

सगळं आवरेपर्यंत मी बाहेर पायरीवर बसले. दातवाले आतमध्ये स्टुलावर बसून कुणाला कुठली काडी काढायची ते सांगत होते आणि सगळ्या त्यांचं ऐकत होत्या.

 घरी जाताना बेकरीच्या दारात वहिनी एकदम थांबली. मला म्हणाली, वन्सं, मला भूक लागलीय. मग आठवून म्हणाली की कालपासून तिने जेवल्यासारखं केलं होतं, जेवली नव्हती. आत जाऊन तिने गरम पाव घेतला. घरी जाऊन खाऊ असं मी म्हणेपर्यंत तिने तो मधोमध मोडला होता. जिने मुलांना कधी रस्त्यात चॉकलेट फोडू दिलं नाही, ती भर रस्त्यात, दिव्यांच्या उजेडात, पाव खात चालू लागली. कोपऱ्यावर आलो तेव्हा तिच्या पदरावर चुरा पडला होता आणि तिने मागे वळून मला सांगितलं की आणखी एक घेऊन या, तुमच्या दादांसाठी नको, माझ्यासाठीच.